फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर: घराचा आणि समाजाचा वाटा किती?

“घरच्यांनी उचलून धरलं म्हणून वाचला,” असं कॅन्सरमधून उठलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे सहज म्हटलं जातं. डॉक्टर त्यावर मान हलवतात, संख्याशास्त्रज्ञ पुरावा मागतात, आणि ज्यांनी खरोखर उचलून धरलेलं असतं त्यांना बहुतेक वेळा कुणी काही विचारतच नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो, त्यात कुटुंबाचा आणि समाजाचा वाटा किती, तो कशातून येतो आणि तो मोजता येतो का, या प्रश्नांवर गेल्या चार दशकांत बरंच काम झालं आहे. त्या कामाचा हा आढावा.

व्याप्ती मुद्दाम आखून घेतली आहे. ज्यांचा आजार शस्त्रक्रिया करता येईल इतक्या लवकर सापडला, त्यांच्याबद्दलच इथे बोलायचं आहे. आपल्याकडे असे रुग्ण थोडे. ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कॅन्सर-आकडेवारीच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला फुप्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळतात आणि ७५ हजारांच्या आसपास मृत्यू होतात. बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात रुग्णालयाची पायरी चढतात, आणि त्यांतले कित्येक आधी टीबीची औषधं खाऊन आलेले असतात. म्हणून शस्त्रक्रियेतून बरं होण्याबद्दलचं संशोधन बहुतांशी युरोप, अमेरिका आणि जपानचं आहे. ते आपल्या घरांना किती लागू पडतं, हाही या आढाव्यातला एक प्रश्न आहे.

शस्त्रक्रिया लहान होत गेली

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सर झालेलं एक अख्खं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढलं आणि रुग्ण जगला. रुग्ण स्वतः पिट्सबर्गचा डॉक्टर. तो पुढे आपल्या कामावर परतला आणि ग्रॅहम यांच्याही मागे राहिला. ग्रॅहम १९५७ साली फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले. सिगारेट आणि हा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा १९५०चा गाजलेला अभ्यास त्यांनीच अर्न्स्ट विंडर यांच्यासोबत केला होता, आणि ते स्वतः बरीच वर्षं सिगारेट ओढत होते.

त्यानंतरचा सगळा प्रवास कमी कापण्याच्या दिशेने झाला. उजव्या फुप्फुसाला तीन लोब असतात, डाव्याला दोन. अख्खं फुप्फुस न काढता आजारी लोब तेवढा काढणं, म्हणजे लोबेक्टमी, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ पद्धत झाली. त्याहूनही कमी काढलं तर चालेल का, याला १९९५च्या एका अमेरिकी चाचणीने नकार दिला, कारण त्या रुग्णांत आजार जागच्या जागी उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पाव शतकानंतर चित्र बदललं. २०२२ साली जपानच्या ११०६ रुग्णांवरच्या चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी लोबचा फक्त एक भाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. पूर्ण लोब काढलेल्यांत हे प्रमाण ९१.१ टक्के होतं. श्वासाच्या क्षमतेतला फरक मात्र अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. २०२३ला अमेरिकेतून आलेल्या चाचणीनेही लहान शस्त्रक्रिया मागे पडत नाही असंच सांगितलं.

दुसरा बदल छेदाचा. पूर्वी फासळ्या फाकवून छाती उघडत. १९९०नंतर दुर्बिणीतून, दोन-तीन लहान छिद्रांतून लोब काढणं सुरू झालं. ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या ‘व्हायोलेट’ चाचणीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्यांची हालचाल पाचव्या आठवड्यात जास्त चांगली होती आणि त्यांचा रुग्णालयातला मुक्काम पाचऐवजी चार दिवसांवर आला होता.

या चार दिवसांकडे मी थोडं थांबून पाहीन. कमी मुक्काम ही वैद्यकाची खरी कमाई आहे, त्यात वाद नाही. पण जखम पाहणं, वेळेवर वेदनाशामक देणं, उठवून चालवणं, खोकायला लावणं, कफाचा रंग बघणं ही कामं त्यामुळे संपली नाहीत. ती परिचारिकेकडून सुनेकडे, बायकोकडे किंवा मुलाकडे आली. घराच्या आधारावरचं बहुतेक संशोधन ज्या काळात वाढलं त्याच काळात मुक्काम आटत गेला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

घरी आल्यावर समोर काय येतं

पहिली वेदना. फासळ्यांच्या मधून जाणाऱ्या नसा दुखावल्या जातात, त्यामुळे काखेखालच्या पट्ट्यात चटके बसतात, बधिरपणा येतो, कधी साधा सदराही नकोसा होतो. छाती उघडून ऑपरेशन झालेल्यांत हे दुखणं दोन महिन्यांनंतरही टिकून राहण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत पाव ते निम्म्याहून अधिक रुग्णांपर्यंत सांगितलेलं आहे. दुर्बिणीने ते कमी होतं, संपत नाही. मग थकवा, कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, ऑपरेशनच्या बाजूचा आखडलेला खांदा. काहींच्या हृदयाचे ठोके पहिल्या दिवसांत अनियमित होतात. आणि झोप उडते, याची नोंद फाईलमध्ये क्वचितच असते.

इथे घरातली समजूत आणि वैद्यकीय सल्ला अनेकदा एकमेकांच्या आड येतात. वेदनाशामक गोळी दोनऐवजी एकच दिली जाते, कारण “सवय लागेल.” गोळी कमी पडली की माणूस खोकायला घाबरतो, खोकला नाही की कफ खाली साचतो, आणि साचलेल्या कफातून न्यूमोनिया होतो. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरची ही एक जुनी, सरळ वाट आहे. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं असतं, पण पुष्कळ घरांत रुग्ण खोकला की पाठ चोळून त्याला “शांत राहा” सांगितलं जातं. केळं, दही, भात कफ करतात म्हणून बंद होतात आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं ताटातून जातात. शाकाहारी घरात तर दही गेलं की डाळीच्या पाण्यापलीकडे फार काही उरत नाही.

वॉर्डात सगळ्यांच्या खाटेशेजारी दिसणारं तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र घ्या. घरोघरी त्याला ‘फुंकायचं यंत्र’ म्हणतात, आणि नावाप्रमाणे माणसं त्यात फुंकतात. चेंडू हलत नाहीत. नातेवाईक म्हणतात, जोर कमी पडतोय. प्रत्यक्षात नळी तोंडात धरून श्वास हळूहळू आत ओढायचा असतो. तसं केलं की पहिला चेंडू वर जातो, मग दुसरा, आणि तिसऱ्याची घाई करायची नसते. दाखवायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणी दिली नसतील तर ते यंत्र दूरदर्शन संचाशेजारी शोभेला राहतं. (या यंत्राचा साध्या फिजिओथेरपीपेक्षा वेगळा फायदा होतो का, हेही वादातीत नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत तसा फरक आढळला नव्हता. पण चेंडू वर गेल्याचं डोळ्यांना दिसतं, आणि घरच्यांना मोजायला काहीतरी मिळतं.)

पहिली बाजू: हालचाल हेच औषध

छातीच्या शस्त्रक्रियेतल्या फिजिओथेरपिस्टांची आणि ‘लवकर बरं करण्याच्या’ पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या शल्यविशारदांची भूमिका स्पष्ट आहे. पहिल्याच दिवशी खाटेवरून उतरवा, लवकर खायला द्या, छातीतल्या नळ्या लवकर काढा, वेदना आटोक्यात ठेवा. २०१९ साली युरोपातल्या दोन संघटनांनी मिळून फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ऑपरेशनच्या आधीच काही आठवडे व्यायाम सुरू करण्याला पाठिंबा देणाऱ्या छोट्या चाचण्याही आहेत. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यांत अशा व्यायामामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या फुप्फुसाच्या गुंतागुंती निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचं दिसतं. ऑपरेशननंतरच्या व्यायामावरच्या २०१९च्या आढाव्यात आठ चाचण्या आणि ४५० रुग्ण होते. त्यात सहा मिनिटांत चालता येणारं अंतर सरासरी ५०-६० मीटरनी वाढलं. ज्याला स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जाताना थांबावं लागतं, त्याच्यासाठी ५० मीटर म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान.

आकडे आशादायक आहेत, पण चाचण्या लहान आहेत आणि त्यांत आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. शिवाय हे व्यायाम बहुधा रुग्णालयाच्या देखरेखीखाली झाले. उमरग्याहून सोलापूरला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी येणं कुणाला जमेल? म्हणून घरीच करायच्या व्यायामांचा विचार होतो, आणि तिथे पुन्हा घरचा माणूस लागतो: सकाळी चालायला नेणारा, भिंतीवर बोटं चढवत हात डोक्यापर्यंत नेण्याची आठवण करणारा.

आपल्या घरांत प्रेमाची भाषा मात्र बहुधा उलटी असते. “तुम्ही उठू नका, मी देते.” ‘पूर्ण विश्रांती’ हा आपल्याकडचा मोठा सन्मान आहे, आणि फुप्फुसाच्या रुग्णाला तो महागात पडतो. पाणी हातात आणून देणारं घर आणि पाण्यापर्यंत चालवत नेणारं घर, दोन्ही प्रेमळच. या शस्त्रक्रियेत मात्र दुसरं घर उपयोगी पडतं.

दुसरी बाजू: नातं हेच बळ

सामाजिक आधाराचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ यांचा दावा याहून मोठा आहे. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कुलिक आणि माहलर या दोघांनी हृदयाच्या बायपास रुग्णांवर दोन साधे पण लक्षात राहणारे अभ्यास केले. एकात ज्या पुरुषांच्या पत्नी रुग्णालयात जास्त वेळा येत, त्यांनी वेदनाशामकं कमी घेतली आणि ते लवकर घरी गेले. दुसऱ्यात, ऑपरेशन व्हायच्या आदल्या रात्री खोलीत सोबतीला ऑपरेशन झालेला रुग्ण असेल, तर नव्या रुग्णाची भीती कमी होती आणि नंतर तो जास्त चालला. आपल्या सरकारी वॉर्डांत हे रोजच घडतं. शेजारच्या खाटेवरचा ‘आमचंही असंच झालं होतं’ म्हणतो आणि सगळं सांगतो, नळी काढताना किती दुखतं तेसुद्धा. हे बायपासचे निष्कर्ष आहेत, फुप्फुसाचे नव्हेत. तरी पुढच्या कितीतरी संशोधनाला त्यांनी दिशा दिली.

मग मोठे आकडे आले. २०१०च्या एका विश्लेषणात १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त, असा निष्कर्ष निघाला. २०१३ साली अमेरिकेतल्या सात लाखांवर कॅन्सर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात फुप्फुसाचा कॅन्सरही होता. विवाहितांत आजार लवकर सापडण्याचं, योग्य उपचार मिळण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि हे घटक जमेस धरूनही कॅन्सरने मृत्यू होण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी होतं. हा फायदा स्त्रियांपेक्षा पुरुषांना जास्त झाला, आणि या एका वाक्यावरच एक स्वतंत्र लेख होऊ शकेल.

या बाजूची अडचणही याच आकड्यांत आहे. हे सगळे सांख्यिकी संबंध आहेत, कारण-परिणाम नव्हेत. ज्याचं लग्न झालंय, नाती आहेत, त्याचं उत्पन्न, विमा, मूळ प्रकृती आधीपासूनच बरी असू शकते. ‘आधार’ ही गोष्ट चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना द्यायची आणि अर्ध्यांना नाही, असं करता येत नाही. जिथे त्यातल्या त्यात तसं करता आलं, म्हणजे आधारगटांच्या चाचण्यांत, तिथे उत्तर डळमळलं. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांवरच्या चाचणीत आठवड्याच्या आधारगटाने आयुष्य जवळपास दुप्पट झाल्याचं सांगितलं, आणि जगभर गट निघाले. २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग केला, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या.

माझ्या मते पुराव्याचा कल इथवर पोहोचला आहे: आधारामुळे जगणं सुसह्य होतं, उपचार पूर्ण होतात, धोक्याची खूण लवकर कळते. तो थेट गाठीवर काम करतो, असं मानायला अजून जागा नाही.

एक अपवाद मात्र ठळक आहे, आणि त्यात घराचा हात स्पष्ट दिसतो. २०१०च्या एका ब्रिटिश विश्लेषणात ६५ वर्षांच्या, लवकर सापडलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी अंदाज काढला होता: निदानानंतर धूम्रपान सोडलं तर पाच वर्षं जगण्याची शक्यता ७० टक्के, चालू ठेवलं तर ३३ टक्के. घरात दुसरं कुणी ओढत असेल तर सोडलेलं पुन्हा सुरू होणं फार सोपं असतं. विडी सोडण्याचा निर्णय म्हणूनच एकट्याचा राहत नाही.

तिसरी बाजू: सेवा करणाऱ्याचं काय

गेल्या पंचवीस वर्षांत एक तिसरा आवाज ठळक झाला. तो विचारतो, हा आधार येतो कुणाच्या अंगातून? १९९९ साली अमेरिकेत वृद्ध जोडप्यांच्या अभ्यासात सेवेचा ताण जाणवणाऱ्या जोडीदारांचं चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळलं. याच्या उलट, २०१३च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सेवा करणाऱ्यांचा मृत्युदर १८ टक्क्यांनी कमी निघाला. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. बहुधा फरक ताणात आहे: स्वेच्छेने, मदतीला आणखी कुणी असताना केलेली सेवा वेगळी, आणि नोकरी सांभाळून एकटीने रात्रपाळी काढणं वेगळं.

आपल्याकडे ही सेवा बहुतेक घरांत बायकाच करतात. आणि रुग्ण स्वतः स्त्री असेल तेव्हा? अमेरिकेतल्या २००९च्या एका अभ्यासात मेंदूच्या गाठीसारखा गंभीर आजार झालेल्या विवाहितांत, रुग्ण स्त्री असताना जोडपी विभक्त होण्याचं प्रमाण २०.८ टक्के होतं, रुग्ण पुरुष असताना २.९. भारतात घटस्फोटाची पट्टी लावणं बरोबर नाही. इथे बाई माहेरी पाठवली जाते, किंवा ऑपरेशनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पोळ्या लाटू लागते. सहा आठवडे जड उचलू नका, हा सल्ला पाण्याच्या हंड्याला लागू आहे की नाही, हे तिने विचारलेलं नसतं आणि तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

सांगायचं की लपवायचं, आणि दोष कुणाचा

“त्यांना कॅन्सर म्हणू नका, गाठ म्हणा,” ही विनंती भारतातल्या जवळपास प्रत्येक कॅन्सरतज्ज्ञाने ऐकलेली असते. ती करणाऱ्यांची भूमिका हेटाळणी करण्यासारखी नाही. धक्का बसू नये, उमेद टिकावी, एवढीच त्यांची इच्छा असते. रुग्णाच्या हक्कांचा आग्रह धरणारे म्हणतात की माहिती लपवल्यावर संमती कसली, आणि पुढच्या केमोचं कारण कसं पटवणार? शस्त्रक्रियेच्या बाबतीत लपवणं व्यवहारातही फार काळ टिकत नाही. छातीवरचे टाके, सहा-सहा महिन्यांचे सीटी स्कॅन आणि कॅन्सर विभागाच्या दारावरची पाटी रुग्ण वाचतोच. मग घरात दोघंही जाणतात आणि दोघंही गप्प राहतात.

दोषाचा प्रश्न याला चिकटूनच येतो. २००४ साली ब्रिटनमधल्या रुग्णांच्या मुलाखतींत असं दिसलं की धूम्रपान केलेलं असो वा नसो, फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्याला ‘स्वतःच्या करणीने’ हा शेरा झेलावा लागतो. आपल्याकडे तर तो अनेकदा तथ्यालाही धरून नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ४८९ रुग्णांच्या २०१२च्या अहवालात निम्म्याहून अधिक लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. महाराष्ट्रात २०१६-१७च्या सर्वेक्षणात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते; तंबाखू चघळणारे त्याहून कितीतरी जास्त. तरी भेटायला आलेला पहिला पाहुणा विचारतो तेच: “ओढत होते का?” ज्याने ओढलं त्याला हा प्रश्न खाली बघायला लावतो आणि ज्याने ओढलं नाही त्याला खुलासे करायला. दोघंही मग लोकांत मिसळणं कमी करतात, म्हणजे ज्या आधाराची चर्चा चालली आहे तोच आटतो.

घराबाहेरचा आधार

मुंबईतला परळ-दादरचा परिसर हे या विषयाचं चालतंबोलतं संग्रहालय आहे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलकडे देशभरातून रुग्ण येतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांपासून नंतरच्या फेऱ्यांपर्यंत आठवडेच्या आठवडे त्यांना मुंबईत राहावं लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्यासारख्या संस्था अगदी थोड्या खर्चात छप्पर देतात. तिथल्या पडवीत जळगावचा आणि दरभंग्याचा माणूस एकमेकांना कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो ते समजावतात. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून याच शहरात काम करते आहे. पैशाच्या बाजूने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता पाच लाखांपर्यंत गेली आहे. उपचारासाठी येणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वे भाड्यात सवलतही मिळते. सोबत्याची बुडालेली मजुरी, खोलीचं भाडं, घरी परतल्यावरची फिजिओथेरपी मात्र या हिशेबांत फारशी बसत नाही.

गावोगावची गणेश मंडळं आणि रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं हा आधाराचा आणखी एक, कमी लिहिला गेलेला प्रकार. डिपॉझिट ठेवून खाट, वॉकर, ऑक्सिजनचं यंत्र मिळतं. परत आणून दिलं की पैसे परत. पश्चिमेकडच्या शोधनिबंधांत हे फारसं भेटत नाही.

केरळचा अनुभव यापुढे जातो. १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं केंद्र सुरू केलं. त्यातून पुढे शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि २००८ साली राज्याने त्याचं धोरण केलं. ते काम मुख्यतः बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी आहे. शस्त्रक्रियेतून उठणाऱ्यांना ते जसंच्या तसं लागू नाही. पण शेजाऱ्याला शिकवता येतं आणि तो शिकतो, हे तिथे वर्षानुवर्षं सिद्ध झालं आहे.

समाजाच्या आधाराची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. पहिल्या दोन आठवड्यांत सर्दी-खोकला घेऊन आलेले दहा पाहुणे आधारापेक्षा धोकाच जास्त. आणि प्रत्येकाकडे एक काढा असतो.

अजून न सुटलेलं

कोणता आधार उपयोगी, या प्रश्नाचं उत्तर अजून अर्धंच मिळालं आहे. भावनिक जवळीक, पैसे, माहिती आणि हातची कामं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक अभ्यास त्या एकाच मापाने मोजतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न पुणे-मुंबईत वाढतो आहे. मुलगा न्यू जर्सीतून रोज व्हिडिओ कॉल करतो, पण नळीच्या जागेतून पाणी झिरपतंय का ते त्याला दिसत नाही. दुरून देता येणाऱ्या फिजिओथेरपीचे प्रयोग कोविडनंतर वाढले आहेत, आणि त्यांतून काही वाट निघेल अशी अपेक्षा आहे. वारंवार स्कॅन करून मनःशांती मिळते की धास्ती, यावरही एकमत नाही. २०२२ला आलेल्या फ्रान्सच्या १७७५ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर सीटी स्कॅनसह केलेल्या पाठपुराव्याने साध्या एक्स-रेवरच्या पाठपुराव्यापेक्षा एकूण आयुष्य वाढलं नाही.

माझा कौल एका बाबतीत स्पष्ट आहे. आपल्या घरांत आधाराची कमतरता फारशी नाही. कमतरता आहे ती शिकवलेल्या आधाराची, आणि ती जबाबदारी कुटुंबाआधी रुग्णालयाची आहे. मुक्काम कमी करून जी कामं घरी पाठवली, त्यांची माहितीही सोबत पाठवायला हवी. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली अर्धं पान सोबतच्या माणसासाठी राखून ठेवायला खर्च काहीच नाही: रोज किती चालवायचं, वेदनेची गोळी कधी चुकवायची नाही, काय खायला द्यायचं आणि कशासाठी तातडीने परत यायचं.

तोवर हे काम वाचकालाच करावं लागेल. तुमच्या घरचं कुणी अशा ऑपरेशननंतर घरी येत असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीकडे वळण्याआधी फिजिओथेरपिस्टला गाठा आणि व्यायाम तुमच्याकडून करवून दाखवायला सांगा. ताप, वाढती धाप, थुंकीत रक्त, जखमेतून पू किंवा एका पायाला अचानक सूज दिसली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, तो नंबर लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा.